केहिमकरांची इस्राएली शाळा : दीडशे वर्षांचा वृत्तान्त

मुंबईच्या माझगाव भागात आज सर एली कदूरी शाळा या नावाने जी संस्था उभी आहे, तिची स्थापना १८७५ साली बेने इस्राएल या मराठीभाषक ज्यू समाजाच्या मुलांसाठी 'इस्राएली शाळा' म्हणून झाली, आणि तिला आता दीडशे वर्षे पूर्ण झाली आहेत. या प्रसंगी तिचा वृत्तान्त लिहावयास बसले असता प्रथमच हे नमूद करणे अवश्य वाटते की, ही शाळा कोणा एका श्रीमंताच्या औदार्यातून एका दिवसात उभी राहिलेली नाही. तुटपुंज्या पगाराचे कारकून, पलटणीतून निवृत्त झालेले सुभेदार-जमादार, इस्पितळांतील साहाय्यक, सुतारकाम व गवंडीकाम करणारे कारागीर अशा शेकडो माणसांची ती कमाई आहे, आणि त्यांपैकी बहुतेकांची नावे कोणत्याही शिलालेखावर कोरलेली आढळणार नाहीत. परंतु त्या सर्वांना एकत्र आणणारा, त्यांच्या वतीने दूरदेशीच्या धर्मबंधूंना पत्रे धाडणारा, आणि तारुण्यापासून वार्धक्यापर्यंत हे एकच काम अंगावर घेऊन राहिलेला पुरुष म्हणजे हाईम सॅम्युएल केहिमकर. म्हणून या वृत्तान्तात त्यांचे नाव वारंवार येईल, आणि ते तसे येणेच उचित आहे.

केहिमकरांनी आयुष्यात दोन मोठी कामे केली. एक, शाळा काढली. दुसरे, आपल्या समाजाचा इतिहास लिहिला. ही दोन कामे निरनिराळी समजण्याचा प्रघात पडला आहे. प्रस्तुत लेखकाचे मत असे की, ती मुळात एकच होती. शाळेसाठी साहाय्य मागावयाचे तर आपण कोण, कोठून आलो, इतकी शतके कसे टिकलो, हे जगास सांगणे भाग होते. आणि हे सांगता सांगताच तो इतिहास घडत गेला.

पूर्वपीठिका : १८५३ पर्यंत

अलिबागेच्या उत्तरेस किहीम आणि नवगाव ही समुद्रकाठची गावे आहेत. फार प्राचीन काळी एक गलबत या किनाऱ्याजवळ फुटले, त्यातून सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या, व बुडालेल्यांची प्रेते नवगावी पुरण्यात आली, अशी बेने इस्राएलांची परंपरागत समजूत आहे. वाचलेल्यांचे वंशज अष्टागरात व कुलाबा जिल्ह्याच्या गावोगावी पसरले आणि ज्या गावी राहिले त्या गावावरून केहिमकर, नवगावकर, दिवेकर, राजपूरकर, अष्टमकर, तळकर अशी आडनावे धारण करून राहिले. त्यांचा मुख्य धंदा तेलाच्या घाण्यांचा. शनिवारी ते घाणा जुंपत नसत, म्हणून आसपासचे लोक त्यांस 'शनवार तेली' म्हणत. त्यांच्यापाशी धर्मग्रंथ राहिला नव्हता, भाषाही मराठीच झाली होती. परंतु आठव्या दिवशी मुलाची सुंता करावी, पंख आणि खवले असलेलाच मासा खावा, शब्बाथ पाळावा, आणि प्रत्येक मंगल-अमंगल प्रसंगी 'शेमा' या प्रार्थनेचा उच्चार करावा, एवढे त्यांनी सोडले नाही. ग्रंथावाचून, पुरोहितवर्गावाचून, राजाश्रयावाचून एवढे टिकावे, ही गोष्ट कोकणच्या इतिहासात विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे. कोकणातील त्यांच्या शेजाऱ्यांचेही त्यात श्रेय आहे. धर्मावरून त्यांचा छळ झाल्याचा एकही प्रसंग परंपरेत सांगितला जात नाही.

पुढे कोचीनच्या ज्यूंशी संबंध आला, आणि धर्मविधींची नवी ओळख घडली. अठराव्या शतकाच्या अखेरीस या समाजातील अनेक तरुण इंग्रजांच्या पलटणींत शिरले. त्यांतील सामाजी हसाजी, म्हणजेच सॅम्युएल इझिकेल दिवेकर, हे टिपू सुलतानाच्या युद्धात कैद झाले होते. सुटून आल्यावर त्यांनी १७९६ साली मुंबईत मांडवी भागात समाजाचे पहिले प्रार्थनामंदिर बांधले. त्यास 'शाअर हारहमीम', म्हणजे दयेचे द्वार, असे नाव असले तरी घरोघर त्याला 'मशीद'च म्हणत. तिचा कारभार मुकादम, चौगुले, गबई, समाश यांच्या हाती असे. हे प्रार्थनामंदिर पुढे पाऊणशे-ऐंशी वर्षांनी शाळा काढू पाहणाऱ्या समाजाचे पहिले सार्वजनिक कार्य होय, कारण आपसांत वर्गणी गोळा करून तिचा हिशेब चोख ठेवण्याचा शिरस्ता तेथेच पडला.

विद्येच्या बाबतीत मात्र बाहेरच्यांचेच ऋण अधिक. कोचीनहून आलेले शेलोमो सालेम शुर्राबी यांनी प्रार्थना व धर्मपठण शिकविले. अमेरिकन मिशनने मुंबईत व कोकणात मराठी शाळा उघडल्या. १८२९ साली मुंबईस आलेल्या डॉ. जॉन विल्सन यांनी बेने इस्राएल मुलांच्या शिक्षणात विशेष लक्ष घातले, आणि १८३२ साली हिब्रू व्याकरणाची तत्त्वे मराठीत छापून प्रसिद्ध केली. बायबलचा जुना करार मराठीत उपलब्ध झाला, तेव्हा आपल्याच पूर्वजांचा ग्रंथ बेने इस्राएलांनी प्रथम मराठीत वाचला. मिशनऱ्यांचा हेतू धर्मप्रसाराचा होता हे उघड आहे. तरीही त्यांनी लावलेल्या विद्येच्या गोडीमुळे हा समाज धर्मांतराकडे न वळता स्वधर्माकडे अधिक निष्ठेने वळला, आणि त्यांच्या शाळांत शिकून निघालेल्या तरुणांनीच स्वतःची शाळा काढण्याचा संकल्प केला.

१८५३ ते १८७४ : संकल्प

हाईम सॅम्युएल केहिमकर यांचा जन्म १८३० च्या सुमाराचा. म्हणजे १८५३ साली आपले बंधू आणि काही समवयस्क मित्र यांच्या साहाय्याने 'बेने इस्राएल समाजात शिक्षणप्रसार करणारी परोपकारी मंडळी' त्यांनी स्थापन केली तेव्हा ते तेवीस वर्षांच्या आतबाहेरचे होते. या सालाकडे वाचकांनी मुद्दाम लक्ष द्यावे. शिक्षणसंस्थांस सरकारी अनुदान देण्याचे धोरण ज्या खलित्याने ठरले तो चार्ल्स वुडचा खलिता १८५४ चा. मुंबई विद्यापीठ स्थापन झाले १८५७ साली. ज्या समाजात शिकलेली माणसे बोटांवर मोजण्याइतकी होती, त्यातील विशीतल्या तरुणांना सरकारास सुचण्यापूर्वीच या गोष्टीची निकड जाणवावी, यावरून केहिमकरांच्या दृष्टीची कल्पना येते.

मंडळीचा संकल्प आणि शाळेची स्थापना यांत बावीस वर्षांचे अंतर पडले. या अंतराची कारणे सर्वांसच ठाऊक आहेत. समाज लहान, त्यातही निम्मा कोकणात विखुरलेला; मुंबईत जे होते त्यांची मिळकत महिन्याच्या महिन्यास संपणारी; पलटणीतील मंडळी आज पुण्यास तर उद्या अदन किंवा कराचीस. १८६० नंतर कापसाच्या तेजीने मुंबईत पैशाचा पूर आला आणि १८६५ साली तो तितक्याच वेगाने ओसरला. त्या पुरात बेने इस्राएलांच्या हाती फारसे काही लागले नव्हते, पण ओहोटीची झळ मात्र नोकरदार माणसास लागलीच. बगदादहून येऊन मुंबईत स्थायिक झालेल्या ससून घराण्याचा व्यापार चीनपर्यंत पसरला होता, त्यांनी आपल्या समाजासाठी भायखळ्यास व पुण्यास भव्य मंदिरे बांधली, आणि डेव्हिड ससून यांच्या नावाने चाललेल्या विद्यालयाचा लाभ बेने इस्राएल मुलांनाही झाला. त्या विद्यालयाचे मुख्याध्यापक जोसेफ इझिकेल राजपूरकर हे बेने इस्राएलच होते. पुढे मुंबई विद्यापीठाचे हिब्रूचे परीक्षक झालेल्या या विद्वानाने प्रार्थनाग्रंथांची मराठी भाषांतरे करून समाजावर जे उपकार केले आहेत त्यांस सीमा नाही. तथापि समाजाची स्वतःची, समाजाने चालविलेली शाळा असावी ही गरज तशीच राहिली.

या काळातील समाजमनाची ओळख पटविणारी एक वस्तू आजही उपलब्ध आहे. १८७४ साली पुण्यात हिब्रू मूळ व मराठी भाषांतर असलेली 'हग्गादा' छापून निघाली. वल्हांडणाच्या रात्री घरात बसून वाचावयाचा हा ग्रंथ. त्यातील एका चित्रात बिनखमिराची भाकरी करणाऱ्या स्त्रिया दाखविल्या आहेत. त्या मराठी पद्धतीने लुगडे नेसून जमिनीवर मांडी घालून बसल्या आहेत, एकजण पीठ मळते आहे, एकजण लाटते आहे, एकजण भाजते आहे. मिसर देशातून सुटकेची ती प्राचीन कथा मराठी स्वयंपाकघरात इतक्या सहजतेने येऊन बसली होती. पुढच्याच वर्षी ज्या शाळेची दारे उघडावयाची होती, तिला विद्यार्थी अशाच घरांतून येणार होते.

१८७५ ते १८८४ : प्रारंभीचे दिवस

१८७५ साली शाळा सुरू झाली. त्यापूर्वी चार वर्षे, १८७१ साली, लंडनमध्ये अँग्लो-ज्यूइश असोसिएशन ही संस्था निघाली होती, आणि निरनिराळ्या देशांतील ज्यू समाजांच्या शिक्षणास हातभार लावणे हा तिचा एक हेतू होता. केहिमकर व त्यांचे सहकारी यांनी तिच्याशी पत्रव्यवहार केला, आणि तिच्या साहाय्याने शाळेस स्थैर्य आले. लंडनच्या गृहस्थांना हिंदुस्थानातील ज्यू म्हणजे कोचीनचे किंवा बगदादी व्यापारी एवढेच ठाऊक. मराठी बोलणारे, लुगडी-पागोटी वापरणारे, तेलाचे घाणे आणि पलटणी यांत आयुष्य काढणारे हे लोक कोण, असा प्रश्न त्यांस पडणे स्वाभाविक होते. त्या प्रश्नाचे उत्तर देण्याची जबाबदारी केहिमकरांनी आपणाकडे घेतली.

शाळेत इंग्रजी, मराठी आणि हिब्रू या तिन्ही भाषांस स्थान होते. इंग्रजीने नोकरी मिळे. मराठी ही घरची भाषा. हिब्रूचे शिक्षण ही या शाळेची खास देणगी, कारण सरकारी शाळेत ते नव्हते, मिशनच्या शाळेत होते तेथे त्यासोबत दुसऱ्या धर्माची शिकवण येई, आणि घरी शिकवावे तर बहुतेक बापांना स्वतःलाच प्रार्थनेपलीकडे अक्षर येत नव्हते. शनिवारी शब्बाथची सुटी मिळते, सणावारी हजेरीची चिंता राहत नाही, आणि आपल्या धर्माविषयी कोणापुढे सफाई द्यावी लागत नाही, अशी जागा या मुलांना प्रथमच लाभली. दोन हजार वर्षे ज्या समाजाने शब्बाथासाठी घाणा बंद ठेवला, त्याच्या मुलांना विद्येसाठी शब्बाथ मोडावा लागू नये, या एका गोष्टीसाठीसुद्धा ही शाळा काढणे सार्थ होते, असे आम्हांस निःसंशय वाटते.

याच दशकात समाजात सर्वत्रच जाग आली होती. १८८० च्या सुमारास बेंजामिन सॅमसन अष्टमकर, डेव्हिड हाईम दिवेकर प्रभृती मंडळींनी हरिकीर्तनाच्या धर्तीवर इस्राएली कीर्तनाची प्रथा सुरू केली. अब्राहाम, योसेफ, मोशे यांची चरित्रे साकी, दिंडी, आर्या, पदे यांत गुंफून टाळ-पेटीच्या साथीने सांगितली जाऊ लागली, आणि ज्या बायामाणसांस शाळेचे तोंड दिसले नव्हते त्यांनाही आपल्या धर्मग्रंथातील कथा मुखोद्गत झाल्या. शाळा मुलांना जे देत होती ते कीर्तन वडीलधाऱ्यांना देत होते. ठाण्यास १८७९ साली 'शाअर हाशामाइम' हे प्रार्थनामंदिर झाले. या सर्व हालचालींस एकमेकींचा आधार होता.

१८८५ ते १८९४ : आवाहन

शाळा वाढू लागली की खर्च वाढतो, आणि खर्च वाढला की चालकांस हातात वही घेऊन दारोदार हिंडावे लागते. मुलांची फी माफ करावी तर शिक्षकांचा तनखा अडतो. फी घ्यावी तर ज्यांच्यासाठी शाळा काढली तीच मुले घरी बसतात. या पेचातून वाट काढण्यासाठी केहिमकरांनी १८९२ साली एक छोटे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात बेने इस्राएलांच्या इतिहासाची रूपरेषा आणि त्यांच्या शिक्षणासाठी आवाहन अशा दोन्ही गोष्टी एकत्र बांधल्या होत्या. त्या पुस्तकाच्या शीर्षकातच ही दोन अंगे शेजारी शेजारी आहेत, आणि केहिमकरांच्या आयुष्याचा सारांश काढू म्हटले तर याहून नेमका निघणार नाही. आमची मुले शिकली पाहिजेत, यासाठी साहाय्य करा, असे म्हणण्यापूर्वी आम्ही कोण हे ऐका, असा त्या लेखनाचा क्रम आहे. त्यात याचनेचा दैन्यभाव नाही. आपल्या समाजाने गरिबीत जे जपले त्याचा ते अभिमानाने निर्देश करतात, आणि जे गमावले त्याची कबुली देण्यास संकोच करीत नाहीत.

समाजात त्या वेळी या ना त्या प्रश्नावर भिन्न मते होती. मंदिरांच्या कारभारावरून, जुन्या चालीरीतींवरून, शाळेच्या व्यवस्थेवरूनही कधी कधी कडाक्याचे वाद झाले. जिवंत समाजात हे व्हावयाचेच. त्या वादांतील दोन्ही बाजूंच्या घरांतली मुले एकाच वर्गात, एकाच बाकावर बसून शिकली, ही गोष्ट मात्र येथे सांगण्यासारखी आहे.

१८९५ ते १९०९ : प्लेग आणि इतिहासग्रंथ

१८९६ च्या पावसाळ्याअखेर मांडवीत ग्रंथिक सन्निपाताचे रोगी आढळले, आणि बघता बघता प्लेगने सारी मुंबई ग्रासली. मांडवी हीच बेने इस्राएलांच्या जुन्या वस्तीची जागा. लक्षावधी माणसे शहर सोडून गेली, बाजार ओस पडले, शाळांचे वर्ग रिकामे झाले. ओडेसात जन्मलेल्या ज्यू शास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन यांनी त्याच दिवसांत ग्रँट मेडिकल कॉलेजच्या एका खोलीत प्लेगवरील लस तयार केली, आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःच्याच देहावर टोचून घेतली.

त्याच १८९७ साली केहिमकरांनी आपला मोठा इतिहासग्रंथ लिहून पुरा केला. वय सदुसष्टच्या घरात, शहरात मृत्यूचे थैमान, आणि हा गृहस्थ आपल्या समाजाची गावे, घराणी, सण, विवाहविधी, पलटणीतील हुद्देदार, मंदिरे, दफनभूमी यांची एकेक नोंद बारकाईने करीत आहे! त्या ग्रंथातील सणांचे प्रकरण आजही वाचनीय आहे. 'नव्याचा सण', 'दारफळणीचा सण', 'खिरीचा सण', 'बिरड्याचा रोजा' अशी सणांची जुनी मराठी नावे त्यांनी नोंदविली. जेरुसलेमचे मंदिर उद्ध्वस्त झाले त्या दिवसाचा कडक उपवास कोकणात वालाच्या बिरड्याच्या नावाने ओळखला जात होता, आणि हिब्रू पंचांग हाती नसतानाही तो पाळला जात होता, ही माहिती त्यांनी लिहून ठेवली नसती तर आज आपणांस कोठून कळली असती? शिकलेली नवी पिढी हिब्रू नावे वापरू लागली होती, ही नावे झपाट्याने मागे पडत होती. शाळेनेच घडविलेल्या या बदलात काय हरवत आहे हे शाळेच्या संस्थापकानेच ओळखले आणि ते कागदावर उतरविले.

आपले पूर्वज ख्रिस्तपूर्व १७५ च्या सुमारास, अँटायओकस राजाच्या जुलमामुळे गालीलातून निघाले असावेत, असा त्यांचा तर्क होता. हनुक्का हा सण त्यानंतर सुरू झाला आणि बेने इस्राएलांच्या जुन्या परंपरेत तो नव्हता, हा त्यांच्या तर्काचा एक आधार. पुढील विद्वानांनी या तर्कास हरकती घेतल्या आहेत आणि त्या विचारात घेण्याजोग्या आहेत. परंतु स्वतःच्या समाजाविषयी लिहितानाही कथा आणि पुरावा यांत भेद करण्याचा त्यांचा प्रयत्न तत्कालीन लेखनात विरळाच म्हणावा लागेल.

हा ग्रंथ छापलेला पाहण्याचे भाग्य त्यांस लाभले नाही. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, ऐंशीच्या जवळ पोहोचून, ते निवर्तले. हस्तलिखित घरीच राहिले.

१९१० ते १९२१ : नवी पिढी

इस्राएली शाळेतून आणि इतर शाळांतून शिकलेली पिढी आता कर्ती झाली होती. १९१३ साली समाजातील स्त्रियांचे 'स्त्री मंडळ' निघाले, आणि त्यात पुढे कामा इस्पितळाच्या प्रमुख झालेल्या डॉ. जेरुशा झिराड यांचा पुढाकार होता. १९१७ साली बेने इस्राएल परिषद भरली, आणि त्याच सुमारास अखिल भारतीय इस्राएली लीगही स्थापन झाली. या दोन संस्थांची धोरणे सर्वस्वी एक नव्हती. शिक्षणाच्या प्रश्नावर मात्र दोहोंनी कळकळ दाखविली, आणि शाळेस दोन्हीकडून हितचिंतक लाभले, एवढे येथे पुरे आहे.

१९२२ ते १९५० : रिबेका रूबेन यांची कारकीर्द

केहिमकरांनंतर या संस्थेस जर कोणी नवा जन्म दिला असेल तर तो कु. रिबेका रूबेन यांनी. १९०५ साली मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिक परीक्षेत त्या सर्व विद्यार्थ्यांत पहिल्या आल्या, आणि हा मान मिळविणारी ती पहिलीच मुलगी. एका लहान समाजातील मुलीने सबंध इलाख्यात पहिले यावे, याचा त्या काळी केवढा परिणाम झाला असेल! विलायतेत अध्यापनशास्त्राचा अभ्यास करून आल्यावर त्यांनी १९१७ पासून बेने इस्राएल वार्षिकाचे संपादन केले, आणि १९२२ साली इस्राएली शाळेचे मुख्याध्यापकपद स्वीकारून १९५० पर्यंत ते सांभाळले. अठ्ठावीस वर्षे म्हणजे एका शाळेत बाप आणि मुलगा दोघेही ज्यांच्या हाताखालून गेले असे दोन पिढ्यांचे गुरुपद. समाजाची सेवा करावयाची तर ती शाळेतूनच, अशी त्यांची ठाम समजूत होती, आणि हाच केहिमकरांचा वारसा होय.

याच काळात शाळेच्या प्रमुख दात्याचे नाव तिला मिळाले. सर एली कदूरी यांचा जन्म बगदादचा. १८८० साली ते ससूनांच्या पेढीत नोकर म्हणून पूर्वेस आले, आणि पुढे हाँगकाँग व शांघाय येथे त्यांनी अपार संपत्ती मिळविली. ज्या ज्या ठिकाणी ज्यू मुलांच्या शाळा होत्या तेथे तेथे त्यांचे औदार्य पोहोचले. माझगावची शाळा त्यांपैकीच एक. संस्थापकांचे नाव शाळेस दिले गेले नाही याची खंत काही जुन्या मंडळींस वाटे. पण ज्या माणसाने शाळेसाठी देशोदेशी हात पसरले, त्याला ही देणगी कोणाच्या नावाने आली यापेक्षा ती आली याचाच आनंद झाला असता, असे आम्ही समजतो.

१९३७ हे साल समाजाच्या इतिहासात दोन कारणांनी स्मरणीय आहे. त्या वर्षी डॉ. इलायजा मोझेस हे मुंबईचे महापौर झाले. त्यांच्या नावाचा रस्ता महालक्ष्मी-वरळीच्या बाजूस आजही आहे. आणि त्याच वर्षी, लिहून पुरा झाल्यानंतर चाळीस वर्षांनी, केहिमकरांचा इतिहासग्रंथ इमॅन्युएल ओल्सव्हँगर यांच्या संपादनाखाली तेल अवीव येथे प्रसिद्ध झाला. बेने इस्राएलांविषयी पुढे जे जे गंभीर लेखन झाले, ते ते या ग्रंथास वळसा घालून जाऊ शकले नाही.

१९५० ते १९७४ : स्थलांतर

१९४८ साली इस्राएल राष्ट्र स्थापन झाले, तेव्हा भारतात सुमारे वीस हजार बेने इस्राएल होते. त्यानंतरच्या दोन दशकांत त्यांपैकी बहुसंख्य तिकडे गेले. आज एका कुटुंबाचा निरोपसमारंभ, उद्या दुसऱ्याचा. वर्गावर्गांतील हजेरीपटावरची नावे एकेक करून गळत गेली. जाणारे आनंदाने गेले, कारण प्रार्थनेत पिढ्यान्‌पिढ्या ज्या भूमीचे नाव घेतले ती त्यांना हाक मारीत होती. राहिलेल्यांस जे वाटले ते शब्दांत सांगणे कठीण आहे. तिकडे गेल्यावर काही धर्माधिकाऱ्यांनी त्यांच्या विवाहांविषयी शंका उपस्थित केल्या, तेव्हा आपण कोण हे जगास सांगण्याची पाळी समाजावर पुन्हा आली. अखेर १९६४ साली इस्राएल सरकारने बेने इस्राएल हे सर्व दृष्टींनी पूर्ण ज्यू आहेत असे स्पष्टपणे जाहीर केले.

१९७५ पासून आजपर्यंत

शाळेने या स्थलांतरात दारे बंद केली नाहीत, हा तिच्या चालकांचा मोठेपणा. बेने इस्राएल मुलांची संख्या घटली तशी माझगाव-डोंगरीच्या आसपासची इतर मुले येऊ लागली. आज शाळेतील बहुसंख्य विद्यार्थी मुसलमान घरांतील आहेत, त्यांच्या जोडीस हिंदू व इतर धर्मांचीही मुले आहेत, आणि ज्यू नावाची संस्था त्यांना शिकविते. १८७५ पूर्वी मिशनच्या शाळांनी आमच्या मुलांना शिकविले, त्याची फेड या रीतीने होत आहे, असे मानण्यास हरकत नाही.

२००१ च्या शिरगणतीत साऱ्या भारतात ज्यूंची संख्या ४,६५० भरली; त्यांतील बहुतेक महाराष्ट्रातील, आणि त्यांतही मुंबई-ठाण्याचे. २०१६ साली महाराष्ट्र शासनाने त्यांस अल्पसंख्याक समाजाचा दर्जा दिला. इस्राएलमध्ये गेलेल्या पिढीने तिकडे मराठी सोडली नाही. 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक त्यांनी तेथे चालविले, मलिद्याचे ताट इलियाहू हन्नाबीच्या, म्हणजे प्रेषित एलियाच्या, नावाने अजूनही पोहे, गूळ आणि खोबरे घालून मांडले जाते, आणि कीर्तनेही होतात. माझगावच्या वर्गांत त्यांपैकी कितीतरी जण शिकलेले आहेत. मुंबईस आले की ते शाळेच्या फाटकाशी थांबतात, आत येऊन जुन्या वर्गाची चौकशी करतात, आणि आपल्या काळचे कोणी शिक्षक हयात आहेत का ते विचारतात.

त्यांच्या घरी पेटीत, जुन्या पत्रांच्या गठ्ठ्यात, शाळेची जी प्रगतिपुस्तके, छायाचित्रे, बक्षीस समारंभाच्या पत्रिका असतील त्यांच्या नकला त्यांनी शाळेकडे धाडाव्यात, अशी या स्मरणिकेच्या निमित्ताने नम्र विनंती आहे. केहिमकरांनी गावोगावची माहिती अशीच एकेका घरातून मिळविली असली पाहिजे, आणि त्यांच्या ग्रंथानंतरच्या सव्वाशे वर्षांचा इतिहास अद्याप लिहावयाचा आहे.